ऊब फितीत होती की सभामंडपात?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: ठाण्यात राहणाऱ्या ४१ वर्षांच्या एक शिक्षिका लिहितात. त्यांचे वडील ७४ वर्षांचे आहेत. ते गावाकडच्या भजनी मंडळात आयुष्यभर गायले आणि आता मुलीकडे राहतात. गेल्या वर्षभरात या वाचक ताईंनी घरीच बाबांचे अकरा अभंग रेकॉर्ड केले. त्यासाठी एक कंडेन्सर माइक, तो लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटचा इंटरफेस आणि लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एवढी सामग्री होती. पेटी भाच्याने वाजवली, पखवाज आणि टाळ नंतर वेगळे घेतले, तंबोरा मोबाइलवरचा. रेकॉर्डिंग स्वच्छ झालं, पण बाबा ऐकून म्हणाले, "बरोबर आहे गं सगळं, पण कोरडं वाटतं." घरात १९८६ सालची एक कॅसेट आहे, देवळात टू-इन-वनवर घेतलेली. तिच्यातला आवाज त्यांना ऊबदार आणि जिवंत वाटतो. म्हणून टेपसारखा आवाज देणाऱ्या चार प्लगइनच्या (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) चाचणी आवृत्त्या त्यांनी तीन आठवडे ऐकल्या, आणि गोंधळ वाढला. एक मित्र म्हणतो स्टुडर ए८०० या जुन्या स्टुडिओ यंत्राची नक्कल घ्या, दुसरा म्हणतो जे३७ची, तिसरा म्हणतो जुनं स्पूलचं (मोठ्या रिळांवर फीत चालणारं) मशीनच आणा. सवलत रविवारी संपते आहे. "बाबांचा आवाज त्या कॅसेटसारखा यावा म्हणून यातलं नेमकं काय घेऊ?"

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिता, "कॅसेटमध्ये बाबांची ओळ संपली की देवळातला आवाज हळूहळू वर येतो, कुणीतरी खोकतं, मग टाळ पडतात आणि मी तिथेच बसले आहे असं वाटतं." प्रश्न तुम्ही सॉफ्टवेअरचा विचारलात, पण उत्तर या वाक्यात आहे. देवळातला आवाज असा वर येतो तो फितीमुळे नाही.

त्या काळच्या बहुतेक टू-इन-वनमध्ये रेकॉर्डिंगची पातळी आपल्याला ठरवावी लागत नसे. आत एक छोटं सर्किट ते काम करी. आवाज मोठा आला की ते झटकन पातळी खाली दाबे आणि शांतता झाली की सावकाश पुन्हा वर नेई. बाबांनी वरचा सूर लावला की सर्किट दबे, ओळ संपली की सैल पडे, आणि मग सभामंडपातली हालचाल, कुजबूज, दगडी भिंतींवरून परत येणारा नाद हे सगळं पुढे येई. तुम्हाला 'मी तिथेच बसले आहे' असं वाटायला लावतं ते हे सर्किट. त्याच्या जोडीला यंत्रातच बसवलेला साधा माइक, गायकापासून चार-पाच हातांवर जमिनीवर ठेवलेला. आणि सगळे जण एकाच वेळी, एकमेकांकडे बघत वाजवत होते. फीत या सगळ्याच्या शेवटी येते.

म्हणून मला तुमच्या प्रश्नामागचं एक गृहीतक जरा बाजूला काढून बघावंसं वाटतं. जुन्या आवाजात जे जे आवडलं ते सगळं टेपचं, असं आपण धरून चालतो. दुकानदारही तसंच सांगतात. पण तुम्ही ज्या चार प्लगइन ऐकल्या, त्यातल्या तीन स्टुडिओतल्या मोठ्या मशीनची नक्कल करतात. तुमची कॅसेट त्या जगातली नाहीच. कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते. स्टुडिओत अंतिम मिश्रण पाव इंची किंवा त्याहून रुंद फितीवर, सेकंदाला १५ किंवा ३० इंच या गतीने उतरवत. १५ इंच म्हणजे ३८.१ सेंटीमीटर, कॅसेटच्या आठपट. स्टुडर ए८०० तर दोन इंच फितीवर २४ ट्रॅक (शेजारीशेजारी २४ वेगळी रेकॉर्डिंग) घेणारं १९७८ सालचं स्विस यंत्र. असं मशीन नीट लावलेलं असेल, तर त्यातून येणारा आवाज तुमच्या कॅसेटपेक्षा तुमच्या आत्ताच्या डिजिटल रेकॉर्डिंगच्या जवळचा असतो. तीन आठवडे ऐकूनही फरक हाती लागत नव्हता, यात तुमच्या कानांचा काही दोष नाही.

मी १९८०च्या दशकाच्या शेवटी मुंबईतल्या एका स्टुडिओत उमेदवारी केली. दिवसाची सुरुवात स्पिरिट आणि कापसाच्या बोळ्याने हेड, म्हणजे फितीवर आवाज उतरवणारे आणि वाचणारे भाग, पुसण्यापासून व्हायची. मग चाचणीची फीत लावून लेव्हल आणि वरचे सूर जुळवायचे, आणि नवी रीळ आली की बायस (तो काय ते पुढे सांगतो) पुन्हा बघायचा. अडीच हजार फुटांची रीळ ३० इंच गतीला साडेसोळा मिनिटांत संपायची, त्यामुळे गायक तयार झाल्याशिवाय कुणी लाल बटणाला हात लावत नसे. आमची सगळी खटपट फितीचा आवाज ऐकू येऊ नये यासाठी असायची. हे सांगतो ते अशासाठी, की 'टेपचा आवाज' ही एकच गोष्ट नाही. नीट लावलेल्या यंत्राचा अगदी हलका गोलावा आणि घरच्या टू-इन-वनची धूसर माया यांत फार अंतर आहे, आणि यातलं तुम्हाला कोणतं हवं हे ठरवल्याशिवाय प्लगइन निवडता येणार नाही.

आता टेप खरोखर काय करते ते बघू, कारण तुमच्या अभंगांना त्यातलं काही नक्की उपयोगी पडेल. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात. हळू आवाजाला ते प्रामाणिकपणे साथ देतात. आवाज वाढत गेला की त्यांची चुंबकत्व घेण्याची ताकद संपत येते, आणि आवाजाचं टोक कापलं न जाता गोल होतं. यालाच सॅच्युरेशन म्हणतात. यातून मूळ सुराच्या तिप्पट कंपनसंख्येचा एक बारीक सूर मिसळतो, त्याने आवाज थोडा भरीव वाटतो. वरच्या पट्टीतले तीक्ष्ण आवाज मात्र याहून लवकर दबतात, कॅसेटच्या संथ गतीला तर फारच लवकर.

इथे तुमचे टाळ आले. टाळाचा आघात डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये सुरीसारखा येतो. घरातल्या छोट्या खोलीत, जवळ ठेवलेल्या कंडेन्सर माइकवर तर जास्तच. तो दोन-चार मिनिटांत कान थकवतो आणि मग आपल्याला सगळंच 'कोरडं' वाटू लागतं. देवळातल्या कॅसेटवर तेच टाळ फितीने आपोआप मऊ केले होते. तेव्हा टेपचं प्लगइन आधी टाळांच्या ट्रॅकवर लावा. माझ्या मते तुमच्या अकराही अभंगांत सगळ्यात जास्त फरक तिथेच पडेल. त्याच्याखालोखाल पखवाज. स्टुडिओच्या मशीनचा खालच्या सुरांत एक छोटा फुगवटा असतो. १५ इंच गतीला तो बराच खाली येतो, ३० इंचाला साधारण दुप्पट कंपनसंख्येवर. पखवाजाच्या धूमला १५ इंचाचा तो फुगवटा छान बसतो. बाबांच्या आवाजावर थोडंसं चालेल, पण ते 'लागलंय' असं कळता कामा नये.

तंबोरा आणि पेटीबद्दल मात्र सावध करतो. जुन्या मशीनमध्ये फीत अगदी एकसारख्या गतीने सरकत नसे, त्यामुळे सूर किंचित डोलायचा. संथ डोलण्याला वाव म्हणतात, भरभर थरथरण्याला फ्लटर. बहुतेक प्लगइनमध्ये यांची बटणं असतात आणि पुष्कळ तयार सेटिंगमध्ये ती आधीच चढवून ठेवलेली असतात. गिटार आणि ढोलाच्या गाण्यात ते खपून जातं. आपल्याकडे मात्र तंबोऱ्याचा षड्ज अखंड चालू असतो, पेटीची पट्टी दाबून धरलेली असते, आणि त्या स्थिर सुरावर कान टेकवूनच आपण गाणं ऐकतो. तो सूरच डोलला तर बाबा बेसूर वाटतील, आणि दोष त्यांच्या वयाला जाईल. तुमच्या पत्रात आहे की एका प्लगइनमध्ये 'बाबांचा आवाज का कोण जाणे थकलेला वाटला.' ऐकलं नाही तरी मला दाट शंका येते ती याच बटणाची. वाव आणि फ्लटर दोन्ही शून्यावर आणा आणि तोच तुकडा पुन्हा ऐका.

फितीच्या सरसरीचंही तसंच. ती प्रत्येक ट्रॅकवर लावली तर साठत जाते. ट्रॅक दुप्पट झाले की ती तीन डेसिबलने वाढते, म्हणजे आठ ट्रॅकवर नऊ डेसिबल. फारच हवीशी वाटली तर फक्त अंतिम मिश्रणावर, अगदी कमी ठेवा. तंबोरा मात्र त्या अंतिम मिश्रणाच्या सॅच्युरेशनमधून जोरात जाऊ देऊ नका. अनेक सूर एकत्र दाबले गेले की त्यांच्या आपसांतल्या गुणाकारातून भलतेच सूर तयार होतात आणि सगळं गढूळ होतं. म्हणून मी ट्रॅकवर वेगवेगळं थोडंथोडं लावायला सांगतो.

प्लगइन निवडण्याआधी लेव्हल. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात कमी बोललं जातं. या प्लगइनमध्ये आवाजाची पातळी दाखवणारं काट्याचं व्हीयू मीटर असतं. त्यावरचा शून्य साधारणपणे डिजिटल मोजमापात उणे १८ डेसिबलच्या आसपास बसवलेला असतो. तुम्ही रेकॉर्डिंग उणे तीनपर्यंत चढवून घेतलं आहे असं लिहिता, म्हणजे तुम्ही प्रत्येक प्लगइनला दमछाक होईस्तोवर दाबत होतात. आधी प्रत्येक ट्रॅकची सरासरी उणे १८च्या जवळ आणा, उंच टोकं उणे दहाच्या आत राहू द्या. मग इनपुट हळूहळू वाढवा आणि तितकंच आउटपुट कमी करा. बऱ्याच प्लगइनमध्ये ही दोन बटणं एकमेकांना जोडता येतात. जोडली नाहीत तर प्लगइन चालू केलं की आवाज नुसता मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. पातळी सारखी करून, डोळे मिटून, भाच्याला प्लगइन चालू-बंद करायला सांगा आणि दहा वेळा ओळखा. सहा वेळाही जमलं नाही तर त्या ट्रॅकवर त्याची गरज नाही.

आता नावं. तुमच्या जागी मी असतो तर सुरुवात पैसे न देता केली असती. जतीन चौधरी यांचं चाऊ टेप मॉडेल मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. ते एका घरगुती स्पूल मशीनवर, सोनी टीसी-२६० वर, बेतलेलं आहे, म्हणजे तुमच्या मनातल्या आवाजाच्या स्टुडरपेक्षा जवळचं. त्यात फितीचं चुंबकत्व कसं चढतं-उतरतं याचं भौतिकशास्त्रच गणितात मांडलं आहे, आणि गती, बायस, सरसरी, डोलणं हे सगळं वेगवेगळं बंद-चालू करता येतं. शिकायला याच्यासारखं दुसरं नाही. एअरविंडोजचं टूटेपही मोफत आहे. त्याला चित्रं नाहीत, काटा नाही, नुसत्या पट्ट्या आहेत, त्यामुळे डोळ्यांऐवजी कानाने काम होतं. या दोन्हींवर महिनाभर काम करा.

एवढं करूनही विकतचं घ्यावंसं वाटलं, तर तुमच्या कामाला मी सॉफ्टट्यूबचं टेप सुचवेन. त्यात तीन तऱ्हेची यंत्रं आहेत आणि किती लावायचं यासाठी एक मोठं बटण आहे. शाळेतून दमून आल्यावर तासभर मिळणाऱ्या माणसाला हे सोयीचं पडतं. यू-हीचं सॅटिन फार खोल आहे. जुन्या नॉइज रिडक्शनच्या (सरसर कमी करण्याच्या) तऱ्हाही त्यात आहेत, पण त्याला वेळ द्यावा लागतो. मित्राने सांगितलेलं जे३७ हे लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतल्या व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांच्या), चार ट्रॅकच्या यंत्रावरून केलेलं आहे. त्याचा रंग गडद आहे, बाबांच्या आवाजावर मी ते जपून वापरेन. स्टुडर ए८००ची नक्कल उत्तम आहे, पण तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. मित्रांनी वाईट सल्ला दिला असं नव्हे, त्यांच्या कानात वेगळी गाणी आहेत. चांगल्या नावाच्या दोन प्लगइनमध्ये जितका फरक असतो, त्याहून मोठा फरक एकाच प्लगइनचं इनपुट चार डेसिबलने वाढवल्यावर पडतो. म्हणून रविवारच्या मुदतीचं दडपण घेऊ नका.

'बायस' लिहिलेल्या बटणाला घाबरू नका. फितीवर आवाजाबरोबर कानाला ऐकू न येणाऱ्या फार उंच कंपनसंख्येचा प्रवाह सोडत, त्याचं ते प्रमाण. जर्मनीत १९४० साली ही युक्ती लागू पडली आणि तोवर खरखरणारी फीत एकदम संगीताच्या लायक झाली. बटण वाढवलं की वरचे सूर मंदावतात आणि विकृती कमी होते, कमी केलं की उलट. टाळांसाठी थोडं वाढवून बघा. आणि 'ओव्हरसॅम्पलिंग' असं लिहिलेलं असेल तर अंतिम फाइल काढताना ते चढवा. सॅच्युरेशनमधून तयार झालेले अतिउंच सूर डिजिटल मर्यादेला आपटून खाली परत येतात आणि बेसूर किरकिर करतात, ती त्याने बरीच थांबते. रेकॉर्ड करताना मात्र ही प्लगइन लावू नका, हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि बाबांची लय अडखळेल.

स्पूल मशीनची कल्पना सोडा. ती माझी जुनी माया आहे, तरी सांगतो. रबराचे भाग विरघळलेले असतात, हेड झिजलेली असतात, नवी फीत महाग पडते, आणि दुरुस्ती करणारे हात आता फार थोडे उरले आहेत.

यापेक्षा पुढच्या एकादशीला वेगळं काहीतरी करा. बाबा, पेटी, पखवाज आणि टाळ सगळ्यांना एकाच खोलीत, एकाच वेळी बसवा. पंखा बंद, स्टीलच्या कपाटावरची भांडी खाली, काचेच्या खिडकीवर गोधडी. माइक एकच. बाबांपासून दोन हातांवर, टाळकरी मागे दाराजवळ, पखवाज जरा बाजूला. एकदा घ्या, ऐका, कुणाला मागे सरकवायचं ते ठरवा, पुन्हा घ्या. मिक्सिंग इथे पाटावरची माणसं हलवून होतं. मग त्या एका ट्रॅकवर साधा कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारं प्लगइन, लावा. तो दाबायला चटकन आणि सोडायला सावकाश असावा, सोडण्याचा वेळ एक-दोन सेकंद ठेवा. हेच तुमच्या टू-इन-वनचं सर्किट. त्यानंतर चाऊ टेप, अगदी हलकं. ठाण्याच्या फ्लॅटला दगडी सभामंडप नाही, म्हणून वाटलं तर थोडा रिव्हर्ब (कृत्रिम घुमणं), किंवा बाबांना झेपत असेल तर सरळ एखाद्या देवळातच जा, दुपारी, गर्दी नसताना. माझं मन विचाराल तर मी देवळात जाईन. बाबा 'कोरडं' म्हणाले त्यात बरंचसं हेही असावं, की टाळ कानात नसताना, एकट्याने, मोबाइलच्या तंबोऱ्यावर गायला त्यांना सांगितलं गेलं. मंडळात गाणारा माणूस समोरच्याच्या मानेच्या हलण्यावर ओळ उचलतो.

एक काम याही आधीचं आहे. ती १९८६ची कॅसेट अजून संगणकावर घेतलेली नाही, असं पत्राच्या शेवटी सहज लिहून गेला आहात. ते या आठवड्यात करा. आधी खिडकीतून बघा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणत्या माणसाकडे द्या. फितीच्या मागची छोटी मऊ गादी जागेवर आहे का बघा. ती निसटली असेल आणि कॅसेट स्क्रूची असेल, तर फीत दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात हलवता येते. ओळखीत कुणाकडे चांगला कॅसेट डेक असेल तर तो वापरा, हेड स्पिरिटने पुसा, आणि आधी कुठलीतरी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून डेक फीत खात नाही याची खात्री करा. मग हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून टाळांचा आवाज सर्वात झळझळीत येईल तिथे थांबा. दुसऱ्या यंत्रावर रेकॉर्ड झालेल्या कॅसेटशी या हेडचा कोन बरेचदा जुळत नाही आणि वरचे सूर त्यामुळेच हरवतात. स्क्रू मुळात कसा होता त्याची खूण करून ठेवा. २४ बिटवर, दोन्ही बाजू, सलग घ्या, आणि त्या मूळ फाइलवर कसलंही प्लगइन लावू नका, सरसर काढण्याचंही नाही. साफसफाई करायची ती प्रतीवर.

ते चालू असताना बाबांना शेजारी बसवा. लेबलवर फक्त साल आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. पखवाजावर कोण आहे, पेटी कुणाची, ओळ संपल्यावर खोकलं कोण, हे त्यांना विचारा आणि फाइलच्या शेजारी लिहून ठेवा.